विनी ओपनशॉ आणि वकिलाचं एक वाक्य

विनी ओपनशॉ तशी रागीट, पण तिचा राग टिकायचा नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात सकाळी बटाटे सोलताना कुणाशी वाजलं, तरी दुपारी पोरांच्या ताटात कस्टर्ड पडेपर्यंत बाई पुन्हा गुणगुणत असायची. ब्रॅकनशॉमधल्या दोन पिढ्या तिच्या हातचं जेवून वाढल्या आणि त्यातल्या निम्म्यांनी तिच्या शिव्याही खाल्ल्या, पण तिनं कुणावर डूख धरलाय असं कधी कुणी म्हणालं नाही. माणसावर तर नाहीच. तिनं डूख धरला तो एका वाक्यावर.

हसू नका. त्या वाक्यानं तिचं घर खाल्लं.

घर तसं म्हटलं तर तिचं नव्हतं, मिस पिलिंगचं होतं. विनीचा नवरा जाऊन दोन वर्षं झाली नव्हती, तेवढ्यात नगरपालिकेनं तिची अख्खी गल्ली जमीनदोस्त केली. नवे फ्लॅट बांधून होईपर्यंत लोकांनी कुठं जायचं, याचं उत्तर ज्याचं त्यानं शोधायचं होतं. तेव्हा मिस पिलिंग स्वतः चालत शाळेच्या मागच्या दाराशी आली. चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेली, ताठ कण्याची, लग्न न केलेली बाई. म्हणाली, "विनी, माझी वरची मागची खोली रिकामी पडलीय. उंदरांना देण्यापेक्षा तू ये."

विनी गेली ती थोड्या दिवसांसाठी म्हणून, आणि तेरा वर्षं राहिली. सुरुवातीला भाडेकरू होती. मग मिस पिलिंगचं कंबरेचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून कोण भाडेकरू आणि कोण मालकीण हा हिशेबच उरला नाही. आंघोळ घालणं, कोळसा आत आणणं, दर शुक्रवारी दारची पायरी दगडानं घासून पांढरी करणं, सगळं विनीच करायची. बॉर्नमथला मिस पिलिंगचा एक भाचा होता, रॉडनी. तो नाताळला कार्ड पाठवायचा, नुसती सही केलेलं.

एक दिवस मिस पिलिंग म्हणाली, "माझ्यामागे हे घर तुझं. मी ग्रिम्सडिचला तसं कळवलंय."

"असलं अभद्र बोलू नका. चहा गार होतोय तुमचा," विनी म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन पदरासारखा एप्रन डोळ्यांना लावून रडली.

ग्रिम्सडिच म्हणजे बाजार चौकातला वकील. त्याचा बाप वकील, आजा वकील, आणि खुर्च्याही आजाच्याच. मिस पिलिंगला त्याच्या कचेरीचा जिना चढवेना, म्हणून त्यानं मृत्युपत्र टाइप करून टपालानं घरी पाठवलं. सोबत एक पत्र होतं, सही कशी करायची ते सांगणारं. मिस पिलिंगनं चष्मा लावला आणि वर्गात धडा वाचावा तशा खणखणीत आवाजात वाचायला घेतलं:

"सदरहू दस्ताचे निष्पादन दोन साक्षीदारांच्या एकसमयावच्छेदेकरून उपस्थितीत व्हावे, आणि ज्या व्यक्तीच्या अथवा ज्या व्यक्तीच्या वैवाहिक सहचराच्या लाभार्थ सदरहू दस्तान्वये कोणतेही लाभकारी विनियोजन, हितसंबंध, देणगी अथवा नियुक्ती करण्यात आलेली असेल अशा व्यक्तीकडून झालेले अनुप्रमाणन हे तत्संबंधीच्या विनियोजनाच्या शून्यत्वास कारणीभूत होणारे असल्याने, त्याबाबत यथोचित दक्षता घेतली जावी."

श्वास घेऊन तिनं ते पुन्हा वाचलं, या वेळी सावकाश. तिसऱ्यांदा मनातल्या मनात वाचलं. मग चष्मा काढून पुसला.

"काय म्हणतायत?" विनीनं विचारलं.

"दोन साक्षीदार हवेत म्हणतायत. दोघं एकाच वेळी हजर पाहिजेत."

"आणि पुढचं?"

"पुढं नेहमीचं वकिली. काळजी घ्या म्हणून."

झालं! आता सांगा, दोष कुणाचा? या बाईनं अर्ध्या गावाला, विनीलासुद्धा, अक्षरं गिरवून दिली होती. लोक आपली अर्जपत्रं तिच्याकडून तपासून न्यायचे. तिनं कुठल्या तोंडानं म्हणायचं की मला हे वाचून कळलं नाही? आणि तिच्यासारखीला जे तीनदा वाचून कळत नाही ते वाक्य लिहिणाऱ्याची लायकी काय? पण तसं कुणी म्हणायचं नसतं. वकिलाचं पत्र कळलं नाही की चूक आपली असं आपण धरून चालतो, म्हणून तर त्यांचं फावतं.

साक्षीदार कोण बोलवायचे? शेजारी मिसेस सगडन होती, बिचारी कधीही आली असती. पण मिस पिलिंगनं मान हलवली. "तिला बोलावलं की संध्याकाळच्या चहापर्यंत मासेवाल्यालासुद्धा कळेल, माझ्या घराचं मी काय केलं ते." आपलं आजारपण, आपली भांडणं आणि आपलं मृत्युपत्र उंबऱ्याच्या आत ठेवायचं, ही त्या गल्लीची रीत. तिथं माणसं भिंतीपलीकडचा खोकला ओळखतात, पण शेजाऱ्याला आपल्या कागदाला हात लावू देत नाहीत. म्हणून मग घरातलीच विनी आणि कोळसेवाला अल्बर्ट. अल्बर्टला ना बोलायची हौस ना ऐकायची.

पुढची खोली उघडली. ती खोली उघडायची म्हणजे एक तर मयत किंवा पाद्री. विनीनं शेगडी पेटवली. अल्बर्टनं मोरीत हात घासूनघासून धुतले आणि खुर्चीवर वर्तमानपत्र पसरून अगदी काठावर टेकला. मिस पिलिंगनं सही केली, अल्बर्टनं केली, आणि मग विनीनं आपलं नाव असं निगुतीनं लिहिलं की मिस पिलिंग म्हणाली, "शाबास, पहिल्या इयत्तेपासून असं लिहिलं असतंस तर!" तिघांनी शेरीचा एकेक लहान पेला घेतला. विनीनं स्वतःच कागद टपालात टाकला.

दुसऱ्या हिवाळ्यात मिस पिलिंग गेली. विनीनं सगळं रीतीनं केलं. खिडक्यांचे पडदे ओढले, चर्चनंतर हॅम आणि चहा ठेवला, रॉडनीला वरची पुढची खोली दिली. त्यानंतर ग्रिम्सडिचनं बोलावलं म्हणून ती काळी टोपी घालून जिना चढली.

ग्रिम्सडिच बोलायला मऊ, शिष्ट, हाडकुळा माणूस. त्यानं घसा साफ केला. "मिसेस ओपनशॉ, कळवण्यास अत्यंत खेद होतो की आपल्या लाभार्थ झालेले स्थावराचे विनियोजन अनुप्रमाणनाच्या कारणास्तव शून्यवत..."

"थांबा," विनी म्हणाली. "माणसांच्या भाषेत सांगा. मी शाळेत जेवण करते."

त्यानं हातातला कागद टेबलावर ठेवला. मग खाली बघत म्हणाला, "घर तुम्हाला मिळणार नाही. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्यानं साक्षीदार म्हणून सही करायची नसते. तुम्ही केलीत. घर आता वारस म्हणून भाच्याकडे जाईल."

विनीनं टोपी काढून टेबलावर ठेवली. ती म्हणाली, "हे आम्हाला आधी कुणी का नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं ना. पत्रात आहे." त्यानं फायलीतून प्रत काढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

विनीनं वाचलं. पुन्हा वाचलं. "आत्ता तुम्ही तोंडानं जे बोललात ते यात कुठं आहे?"

"हे तेच आहे."

"तेच आहे?" तिचा आवाज खालच्या दुकानात ऐकू गेला असणार. "अहो, आत्ता तुम्ही बोललात ते मला एका झटक्यात कळलं! घर गेलं तेव्हा कळेल असं बोलता येतं तुम्हाला, मग घर वाचवायचं होतं तेव्हा काय जीभ अडकली होती?"

"मिसेस ओपनशॉ, नियमामागे सबळ कारण आहे. साक्षीदार तटस्थ असावा..."

"नियम चांगला आहे. उद्या कुणीही म्हातारीला दाबून सही घेईल, मला कळतं तेवढं. माझं नियमाशी भांडण नाही. नियम सांगितला नाहीत याच्याशी आहे." तिनं टेबलावरचं मृत्युपत्र आपल्याकडे ओढलं. "आणि हे परत आलं तेव्हा तुम्ही उघडून बघितलंत? यात माझं नाव दोनदा आहे. वर घर मिळणार म्हणून, आणि खाली साक्षीदार म्हणून. तेव्हा मिस पिलिंग जिवंत होती. चांगली धडधाकट जीभ होती तिची. एक निरोप धाडला असतात तर तिनं दुसऱ्या दिवशी नवीन सही केली असती."

"कागद यथास्थित प्राप्त झाल्याची नोंद आहे," ग्रिम्सडिच म्हणाला. कान मात्र लाल झाले होते त्याचे.

यथास्थित! लिहिणाऱ्यानं आपलंच वाक्य परत आलेल्या कागदाशी ताडून पाहिलं नाही. कारण ते वाक्य वाचायचं असतं हे तो स्वतःच विसरला होता. बापानं लिहिलं, आजानं लिहिलं, म्हणून टाइपिस्ट तेच टाइप करत होती.

रॉडनी वाईट वागला नाही, असं गावात बरेच जण म्हणतात. त्यानं विनीचा हात हातात घेतला, आठवण म्हणून चिनीमातीचा चहाचा सेट दिला आणि म्हणाला, "कायद्यापुढे माझा काय इलाज?" इलाज होता. घर त्याचं झालं होतं, त्याला ते द्यायला कायद्यानं मनाई केली नव्हती. पण हातात कायद्याचा कागद असला की माणसाला स्वतःच्या मनाला विचारावं लागत नाही. वसंत ऋतूत घर विकलं गेलं. विनीला नगरपालिकेनं वरच्या मजल्यावर एक फ्लॅट दिला. त्याला घासायला पायरीसुद्धा नव्हती.

घर गेलं ते गेलं, एवढ्यावर ती कदाचित थांबली असती. पण एका दुपारी शाळेत भांडी घासताना तिच्या मनात आलं की तेच पत्र आजही टपालात पडतंय. कुणाच्या तरी आईकडे, कुणाच्या तरी म्हाताऱ्याकडे. आणि तिकडेही कुणीतरी चष्मा पुसत "समजलं" म्हणतंय. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एप्रन अंगावर तसाच ठेवून ती ग्रिम्सडिचकडे गेली.

"मला काही नको. ते वाक्य बदला."

"ते शक्य नाही," तो म्हणाला. "शंभर वर्षं न्यायाधीशांनी कीस काढून या शब्दांचे अर्थ पक्के केलेत. साध्या शब्दांना फाटे फुटतात."

"न्यायाधीशांना कळतं ना? आनंद आहे. पण पत्र काय तुम्ही न्यायाधीशांना पाठवता?"

त्यानं दार उघडून धरलं. फार शिष्टाचारानं.

मग विनीनं तिला जमेल ते केलं. गुरुवार बाजाराचा दिवस. आसपासच्या खेड्यांतली माणसं त्याच दिवशी वकिलाची कामं उरकायची. शाळेतलं वाढप संपलं की विनी डोक्याला रुमाल बांधून ग्रिम्सडिचच्या दाराशी उभी राहायची. हातात लिफाफा घेऊन कुणी जिना उतरलं की ती त्याला अडवायची. "मृत्युपत्र का? कोणाला काय देताय ते मला सांगू नका. एवढंच ऐका, ज्याला द्यायचंय त्याची साक्षीदार म्हणून सही घेऊ नका. त्याच्या नवऱ्याची नको, बायकोची नको. कळलं? जा आता."

कुणी हसायचं, कुणी "वेडी आहे" म्हणायचं. पण बहुतेक जण दोन पावलं जाऊन परत फिरायचे. "पुन्हा सांग गं, काय म्हणालीस?"

ग्रिम्सडिचनं पोलीस बोलावला. आला कोण, तर डगडेल! हा लहानपणी शाळेत सगळ्यांच्या वाट्याचं कस्टर्ड चोरून खाणारा गोलमटोल पोरगा, आता हवालदार झाला होता.

"विनीबाई, इथं उभं राहता येणार नाही."

"का? रस्ता ग्रिम्सडिचच्या आजानं बांधला का?"

"तसं नाही, पण तक्रार आहे. रहदारीला अडथळा होतो म्हणे."

"अडथळा? तुझ्या पोटाएवढा तरी होतो का रे माझा? कस्टर्ड अजून तसंच हाणतोस वाटतं!"

डगडेल टोपी सावरत म्हणाला, "जरा भिंतीला चिकटून उभ्या राहा म्हणजे झालं," आणि निघून गेला. जाताजाता त्यानं आपल्या आईच्या मृत्युपत्राचं हळूच विचारून घेतलं.

मग विनीला पत्र आलं, ग्रिम्सडिचच्या कचेरीचं. जाडजूड कागद होता. ते घेऊन ती सरळ बाजारात गेली आणि गुरांची आतडी विकणाऱ्या बेसीच्या दुकानापुढे उभी राहून मोठ्यानं वाचायला लागली. "आपणाकडून होत असलेल्या उपरिनिर्दिष्ट कृत्यांच्या सातत्यापासून आपण तत्काळ परावृत्त न झाल्यास, आमच्या अधिकारांस कोणतीही बाधा न येता..."

बेसी सुरी खाली ठेवून म्हणाली, "विनी, यात तुला अटक करतायत की लग्नाची मागणी घालतायत?"

बाजार हसून हसून लोळला. पण एका कोपऱ्यात एक बाई हसत नव्हती. लिली टॅटरसॉल. मऊ, घाबरट म्हातारी, एका मुलावर जीव टाकणारी. ती विनीजवळ आली आणि तिची बाही धरून कुजबुजली, "विनी, बायकोची सही नको म्हणालीस ना? आमच्या हॅरीच्या बायकोनं केलीय गं. मी सगळं हॅरीला दिलंय, आणि घरात दुसरं कोण होतं सही करायला? तीच तर होती."

विनीनं तिचा हात घट्ट धरला. "चल."

"आत्ता? माझी पिशवी..."

"बेसी बघेल पिशवी. तू आत्ता जिवंत आहेस, म्हणून आत्ताच चल."

टाइपिस्टनं "वेळ घेतली आहे का?" विचारलं, तिच्याकडे न बघता दोघी आत घुसल्या. विनी म्हणाली, "मिस्टर ग्रिम्सडिच, हिचं मृत्युपत्र तुमच्या तिजोरीत आहे. काढा आणि खालची सही वाचा. नुसती वाचा. मी एक शब्द बोलत नाही."

त्याला राग आला होता, तरी त्यानं कागद मागवला. उलगडला. वर वाचलं, खाली वाचलं, आणि त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला.

"म्हणजे मी काल मेले असते तर?" लिलीनं विचारलं. "आमच्या हॅरीला काय मिळालं असतं?"

ग्रिम्सडिचनं तोंड उघडलं. या वेळी त्याच्या तोंडून वकिली निघालीच नाही. "काहीही नाही," तो म्हणाला.

लिली खुर्चीत बसली आणि लहान पोरीसारखी रडायला लागली. विनी मघाशी म्हणाली होती तशी एक शब्द बोलली नाही. वकिलानं स्वतः टाइपरायटरमध्ये नवीन कागद घातला, टाइपिस्ट आणि खालच्या दुकानातला चांभार यांना साक्षीदार केलं, आणि लिलीचं मृत्युपत्र त्याच बैठकीत नव्यानं झालं. त्या दोघी निघाल्यावर त्यानं कारकुनाला तिजोरीतलं एकेक मृत्युपत्र बाहेर काढायला सांगितलं. त्यात किती बुडालेली निघाली, ते त्यानं कुणालाच सांगितलं नाही. पण पुढचे कितीतरी गुरुवार माणसं पुन्हा तो जिना चढत होती, आणि उतरताना विनीकडे बघून टोपी काढत होती.

पानगळीच्या सुमारास ग्रिम्सडिचनं विनीला बोलावणं धाडलं, टाइपिस्टच्या तोंडी. टेबलावर चहा होता, बिस्किटं होती. त्यानं तिच्यापुढे एक छापलेली चिठ्ठी सरकवली. "यापुढे प्रत्येक मृत्युपत्राला ही टाचून जाईल. आधी तुम्ही बघावी असं वाटलं."

विनीनं वाचलं. "ज्याला या मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्यानं, किंवा त्याच्या नवऱ्यानं अथवा बायकोनं, साक्षीदार म्हणून सही करू नये. केली तर त्याला ते मिळणार नाही."

"कळतंय ना?" ग्रिम्सडिचनं विचारलं. आता त्याच्या आवाजात अदब होती, खरीखुरी.

"कळतंय." विनीनं चिठ्ठी टेबलावर ठेवली. "एक सांगा. हे लिहायला किती वेळ लागला तुम्हाला?"

तो चांगला माणूस होता, म्हणून खोटं बोलला नाही. त्यानं समोरच्या कपाकडे बघितलं. "चहा यायच्या आधी झालं."

विनी उठली. तिनं रुमाल बांधला, गाठ नीट बसेना म्हणून सोडून पुन्हा बांधली. "शेवटच्या आठवड्यात मिस पिलिंग मला रोज म्हणायची, विनी, नव्या पडद्यांचा रंग आत्ताच ठरवून टाक. मी ठरवला, म्हणून हसत गेली हो ती," ती म्हणाली. "मिस पिलिंगला मरेपर्यंत वाटत होतं, तिनं मला घर दिलंय."

चहाला हात न लावता ती जिना उतरली.